काकडपाड्याची उभी सभा

सातपुड्यातल्या काकडपाड्याच्या ग्रामसभेचा एक जुना नियम आहे. ज्याला बोलणं समजलं नाही त्याने उभं राहायचं, आणि एकही माणूस उभा असेपर्यंत कुणी कागदावर अंगठा उठवायचा नाही.

एकदा शहरातून सबनीस नावाचे बडे संशोधक आले. डोंगरावरच्या रानगांजाचं बी न्यायला आणि त्याचं औषध कसं करतात ते लिहून घ्यायला गावाची हरकत नाही, असा कागद त्यांनी खुर्चीत बसून वाचून दाखवला. अख्खा पाडा उभा राहिला.

"अहो, सोपं आहे!" सबनीस वैतागले. "डोंगर सरकारचा, झाड सरकारचं. तुमचं त्यात काही नाही. फक्त अंगठे द्या."

पाड्यावर औषधपाणी करणारी म्हातारी जामलीबाई म्हणाली, "साहेब, गेल्या होळीला याच झाडापायी पोलिसांनी माझ्या भावाला नेलं. तेव्हा झाड आमचं होतं. आज ते सरकारचं झालं. आमचं असेल, तर अंगठा देऊन आम्हीच गुन्हेगार ठरू. सरकारचं असेल, तर अंगठा सरकारचा घ्या. यातलं खरं कुठलं?"

सबनिसांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "म्हणजे तसं नाही... म्हणजे तसंच, पण..." असं पुटपुटत ते वकिलाला फोन लावायला खुर्चीतून उठले.

जामलीबाई चटकन खाली बसली. तिच्यामागोमाग सगळा पाडा बसला. उभे राहिले एकटे सबनीस.

"आमचं झालं, साहेब," जामलीबाई म्हणाली. "आता तुम्हाला समजलं की बसा. मग अंगठ्याचं बघू."