भागरथेची मासळी

मोहटोल्याच्या या पांढऱ्या टेकाडाचे दगड पोळीच्या पदरांसारखे सुटतात. कडेने पातळ छिन्नी हलकेच ठोकली की पदर उघडतो आणि आत मासा. खवले, पर, काटा, सगळं शाबूत. दगड गोळा करायला येणाऱ्या कॉलेजच्या मुलांना इथल्या धिवर मासेमारांतले म्हातारे डोमाजी मागरे आधी खाली बसवतात आणि सांगतात:

तुमचे सर म्हणतात, इथे फार जुनं तळं होतं. आम्हीही तेच म्हणतो. ते मेलं कसं, ते मात्र आमच्याकडे वेगळं सांगतात.

तळ्याचं बी, म्हणजे पुढच्या सालासाठी राखलेली मासळी, सांभाळायचं काम भागरथा नावाच्या विधवेकडे होतं. दुष्काळात तळं आटून डबकं उरलं. आपली माणसं म्हणू लागली, मासे मरणारच आहेत तर खाऊन टाकू. तिने डबक्याकाठी बसून शपथ घेतली म्हणे, मी जिवंत आहे तोवर बी मरू देणार नाही.

धिवरांच्या विहिरीत जेमतेम पिण्यापुरतं पाणी होतं. पाटलाच्या विहिरीवर मात्र पानमळा हिरवागार होता. भागरथा रोज कुंपणापाशी रिकामी घागर घेऊन उभी राहायची. शेवटी पाटील म्हणाला, "माणसं तहानलीत आणि तू माशांसाठी पाणी मागतेस?"

"माणसांसाठीच मागते, मालक. मासे गेले की आम्ही खायचं काय?"

त्याने मोटेचं पाणी वेलींना सोडलं.

मग ती आपल्या वाट्याचं पिण्याचं पाणी डबक्यात ओतू लागली. धिवर बघत होते. कुणी आपल्यातलं घोटभरही दिलं नाही. हे आम्ही लपवत नाही. एका दुपारी ती काठावरच मेलेली सापडली.

डबकं आटलं. लोक टोपल्या घेऊन धावले, तर मासे चिखलासकट दगड झालेले. तेव्हा पाटील घाबरला. गड्यांकडून घागरीवर घागरी आणवून त्याने माशांवर ओतल्या, असं सांगतात. मासे चमकले. हलला मात्र एकही नाही.

आजही इथे मासा निघाला की आधी त्यावर पाणी घालतात. वाळल्यावर बाभळीच्या काट्याने माती काढायची, चीर असेल तर डिंक भरायचा. ओला असतो तोवर मासा आत्ता शेपूट हलवेल असा दिसतो. तुम्ही लोक तेवढ्यात फोटो काढून घेता. आमच्या बायका तोंड फिरवून उभ्या राहतात. तो पुरता वाळून पुन्हा दगड दिसू लागला, की मगच हातात घेतात.