महागळेश्वर विहिरीत पडले

फार पूर्वी, विहिरी खोल होत्या आणि नियम त्याहून खोल होते, तेव्हाची ही गोष्ट.

एका गावात एकच विहीर होती आणि तिच्यात रोज काहीतरी पडायचं. घागर पडायची, कळशी पडायची. एकदा तर नवरदेवाची पगडी पडली आणि लग्न दोन तास खोळंबलं.

पडलेलं काढायला गावात गळकऱ्यांचं मंडळ होतं. गळ म्हणजे चार आकड्यांचा लोखंडी पंजा. त्याला दोर बांधायचा, विहिरीत सोडायचा, वस्तू अडकली की वर ओढायची. काम इतकंच. पण मंडळाला पायऱ्या चार होत्या, आणि दर पायरीला किताब होता.

पहिल्या पायरीवर साधा गळकरी. तो गळ टाकायचा. दुसरा काठपाल. तो काठावरून वाकून "अजून डावीकडे" म्हणायचा. तिसरा हुंकारभूषण. तो "हं" म्हणायचा. आणि सगळ्यात वर महागळेश्वर. तो विहिरीकडे पाठ करून बसायचा.

पहिली पायरी सोडताना गळकऱ्याने आपला गळ दोरासकट विहिरीत टाकायचा, अशी रीत होती. "आता हे माझ्या हाताला शोभत नाही," असं मोठ्यानं म्हणून टाकायचा. लोक टाळ्या वाजवायचे.

या मंडळात हैबती नावाचा माणूस होता. तरुणपणी तो साधा गळकरी होता, तेव्हा दोराला बोट लावून सांगायचा, खाली घागर लागली की दगड. पण ते जुनं झालं. गेली बारा वर्षं तो हुंकारभूषण होता. बारा वर्षं त्याने "हं" म्हटलं होतं, आणि बारा वर्षं त्याला एकच गोष्ट हवी होती. महागळेश्वराचा पाट.

एके दिवशी म्हातारे महागळेश्वर लेकीच्या गावाला राहायला गेले. पाट रिकामा झाला. हैबतीला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

समारंभ ठरला. हैबती होणार महागळेश्वर. त्याच्या जागी काठपाल नागोजी होणार हुंकारभूषण. नागोजीच्या जागी गळकरी रंगोबा होणार काठपाल. सगळे एकेक पायरी वर. गळकऱ्याच्या जागेसाठी दवंडी पिटली होती, पण कुणी आलं नाही. जो तो म्हणाला, "घेताय तर वरच्या पायरीवर घ्या."

त्याच सकाळी ठकूबाईची घागर विहिरीत पडली. ती समारंभात येऊन उभी राहिली.

"रंगोबा, आधी माझी घागर काढ बाबा, मग काय ते मोठे व्हा."

"मावशी, नारळ फुटलाय," रंगोबा म्हणाला. "आता मधे थांबता येत नाही." आणि त्याने गावातला शेवटचा गळ दोरासकट विहिरीत टाकला. "हे माझ्या हाताला शोभत नाही!"

टाळ्या झाल्या. ठकूबाईने नाही वाजवल्या.

"आता घागर कोण काढणार?"

"काढायचं कसं ते मी वाकून सांगेन," रंगोबा म्हणाला.

"कुणाला सांगशील?"

यावर नागोजी "हं" म्हणाला. त्याचा तो पहिलाच दिवस होता, पण चांगलं म्हणाला.

मग हैबतीला पाटावर बसवलं. पाट विहिरीच्या कठड्यावर मांडला होता. गळ्यात झेंडूचे सात हार घातले. मागे टेकायला लोड ठेवला होता. लोडाच्या मागे काय आहे, ते बघणं हे कुठल्याच पायरीचं काम नव्हतं.

हैबतीने गावाकडे बघितलं. बारा वर्षांनी छाती भरून श्वास घेतला आणि ऐटीत मागे टेकला.

आधी लोड गेला. मग हैबती गेला. हार सगळ्यात शेवटी पोचले.

सगळे कठड्याशी धावले. हैबती छातीभर पाण्यात एका शेवाळलेल्या दगडावर कसाबसा उभा होता. दगड हलत होता, आणि दगडापलीकडे पाणी किती होतं ते कुणी कधी मोजलं नव्हतं. हैबतीला पोहता येत नव्हतं. पोहणाऱ्यांचं मंडळ वेगळं होतं.

एका बाईने आपला घागरीचा दोर पुढे केला. "हा सोडा की खाली!"

नागोजीने तिला अडवलं. "नियम आहे. विहिरीत पडलेली वस्तू मंडळाच्या गळाशिवाय काढायची नाही. काढली तर परत आत टाकायची आणि मंडळाला बोलवायचं."

"अरे, ती वस्तू आहे का? तो हैबती आहे!"

"पडलाय ना? मग वस्तू."

"बरोबर आहे," विहिरीतून हैबतीचा आवाज आला. "तो नियम मीच केलाय."

इतक्यात रंगोबाने टाकलेल्या गळाचा काथ्याचा दोर तरंगत तरंगत हैबतीच्या नाकासमोर आला. ठकूबाईने वरून तो बघितला.

"हैबती, तो बघ दोर! ओढ, गळ वर येईल, अन् तो फेक रहाटाच्या दांड्यावर!"

"मावशी, महागळेश्वर गळाला हात लावत नसतो."

"मग बुडत असतो का?"

हैबतीने विचार केला. याबद्दल नियमात काही नव्हतं. पायाखालचा दगड इंचभर सरकला.

"नागोजी," तो ओरडला, "मला एक पायरी खाली उतरव!"

"समारंभ करावा लागेल."

"कर! लवकर कर!"

नारळ आणला. हैबतीचे सगळे किताब पहिल्यापासून वाचून दाखवले. नारळ कठड्यावर फोडला, त्याची अर्धी करवंटी हैबतीच्या डोक्यात पडली. हैबती हुंकारभूषण झाला आणि नागोजी महागळेश्वर. टाळ्या झाल्या.

"आता दोर धर!" ठकूबाई म्हणाली.

"हुंकारभूषणही धरत नाही," हैबती काकुळतीने म्हणाला. "अजून एक नारळ आणा."

दुसरा नारळ फुटला. हैबती काठपाल झाला, रंगोबा हुंकारभूषण. टाळ्या. दगड आणखी सरकला. पाणी गळ्याशी आलं. तिसरा नारळ आणायला धावलेला माणूस वाटेत दोघांना गोष्ट सांगत थांबला, त्यामुळे जरा उशीर झाला. तो आला, नारळ फुटला, आणि हैबती वीस वर्षांनी पुन्हा साधा गळकरी झाला.

टाळ्या वाजायच्या आत त्याने दोर पकडला.

दोर ओढून गळ हातात घेतला. लोखंडाचा गार स्पर्श झाला आणि त्याला एकदम काहीतरी आठवलं. त्याने गळ वर फेकला. गळ खाली आला आणि करवंटी लागली होती तिथेच लागला.

"अजून डावीकडे!" रंगोबा सवयीने ओरडला.

"तू आता हुंकारभूषण आहेस," नागोजीने आठवण करून दिली.

"हं," रंगोबा म्हणाला.

दुसऱ्यांदा गळ दांड्याला घासून परत आला. तिसऱ्यांदा हैबतीने फेकलाच होता, तेवढ्यात पायाखालचा दगड निसटून तळाला गेला. पण दांड्यावरून खट्ट असा आवाज आला. आकडा बसला होता. हैबती दोराला लोंबकळत राहिला, मग हातावर हात टाकत वर आला.

वर येऊन तो बसला नाही. दांड्यावरचा गळ सोडवला, पुन्हा विहिरीत सोडला आणि दोराला बोट लावलं. डोळे मिटले.

"दगड," तो म्हणाला. जरा सरकवलं. "लोड." आणखी सरकवलं. मग त्याचा चेहरा उजळला. "मावशी, घागर!"

घागर वर आली. ठकूबाईने ती उलटी करून बघितली. "पोचा आलाय," ती म्हणाली, आणि मग पहिल्यांदा तिने टाळी वाजवली.

एवढ्यात नवे महागळेश्वर नागोजी पुढे आले. त्यांनी आपला पाट एव्हाना विहिरीपासून लांब, वडाखाली नेला होता.

"शाब्बास, हैबती! काठपालाची जागा रिकामी आहे, ती तुम्हाला देतो. नारळ आणलाय. गळ तेवढा विहिरीत टाका."

हैबतीने गळाकडे बघितलं. विहिरीकडे बघितलं. मग दोर कमरेला गुंडाळला आणि त्याला तीन गाठी मारल्या. तो नारळ त्याने ठकूबाईबरोबर बसून खाल्ला.

त्यानंतर त्या विहिरीत जे पडलं, ते हैबतीने काढलं. मंडळ अजून वडाखाली बसून आहे. विहिरीकडे पाठ करून.

तात्पर्य : किताब माणसाला उंच बसवतो, पण पडल्यावर वर आणतं ते हाताला येणारं कामच.