धोंडू अजगर आणि दुपारचा खेळ

राजे-रजवाडे होते तेव्हाची ही गोष्ट. एका छोट्या राजधानीत राजाची मोठी बाग होती. बागेत मोर होते, हरणं होती आणि एका कोपऱ्यात दगडी हौदासारखा खोल खड्डा होता. त्यात एक अजगर राहायचा. दिवसदिवस दगडासारखा पडून असायचा, म्हणून सगळे त्याला धोंडू म्हणत.

धोंडूची देखभाल शिदू करायचा. हे काम त्याला त्याच्या भागाआत्याने शिकवलं होतं. तिनेच धोंडूला अंड्यातून बाहेर आल्यापासून वाढवलेलं. आता तिचे गुडघे चालत नव्हते, म्हणून ती बागेमागच्या झोपडीत बसून असायची.

धोंडूला खायला घालायची आत्याची एक रीत होती. उंदीर किंवा घूस आधी आडोशाला नेऊन एका फटक्यात मारायची. मग ती उन्हात तापलेल्या दगडावर थोडी ऊब येईपर्यंत ठेवायची आणि बांबूच्या लांब चिमट्यात धरून धोंडूपुढे हलवायची. धोंडूने घेतली तर ठीक. नाही घेतली, तर तशीच उचलून बाहेर.

"जिवंत का नाही सोडायची?" शिदूने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"रानात अजगराला पळायला जागा असते, तशी घुशीलाही असते," आत्या म्हणाली. "इथे चारी बाजूंनी भिंत. कोंडलेला जीव काय करेल, सांगता येत नाही. शिवाय जे मरणारच आहे, त्याला आधी भीतीने कशाला मारायचं?"

शिदूने ही रीत बारा वर्षं पाळली. धोंडू दोन माणसांएवढा लांब झाला. शिदू खड्ड्यात उतरला की तो सावकाश सरकत यायचा आणि त्याच्या पायाशी वेटोळं घालून पडायचा.

एकदा शेजारच्या राज्यातले एक सरदार पाहुणे म्हणून आले. त्यांच्याबरोबर पंधरा-वीस माणसं होती. बाग बघत बघत सगळे खड्ड्यापाशी आले. सरदारांनी विचारलं, "हा खातो काय?"

"घुशी, सरकार. मारून घालतो."

सरदार हसले. "मेलेलं खातो? मग हा अजगर कसला, हे तर गिधाड!"

सगळे खो खो हसले. राजाही हसला. शिदूचे कान तापले. इतकी वर्षं त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, आणि आज पाहिलं ते हसायला.

"जिवंत सोडून दाखव की," सरदार म्हणाले. "शिकार कशी करतो ते बघू. बक्षीस देईन."

राजा म्हणाला, "शिदू, तुला योग्य वाटत असेल तर दाखव. नाही तर राहू दे."

शिदूने खाली पाहिलं. धोंडूचे डोळे धुरकट, निळसर झाले होते. तो कात टाकायला आला होता. अशा दिवसांत त्याला नीट दिसत नसे आणि तो अन्नाला तोंडही लावत नसे. शिदूला हे पक्कं ठाऊक होतं. पण वीस माणसं त्याच्याकडे बघत होती.

"दाखवतो, सरकार," तो म्हणाला.

त्याने सापळ्यातली दांडगी घूस खड्ड्यात सोडली. माणसांनी आरडाओरडा केला, टाळ्या वाजवल्या. घूस भिंतीवर चढू पाहत होती, पडत होती, पुन्हा चढत होती. धोंडूने एकदा मान उचलली आणि पुन्हा वेटोळ्यात घातली.

थोड्या वेळाने सगळे कंटाळले. "आळशी आहे हा," कुणीतरी म्हणालं. पाहुणे जेवायला वाड्यावर गेले. जाता जाता सरदारांनी हाक मारली, "शिदू, तूही चल. आज तू आमच्या पंगतीला."

शिदूचा पाय घोटाळला. चिमट्याने घूस उचलून घ्यावी, असं त्याच्या मनात आलं. पण जिवंत घूस काही चिमट्यात येणार नव्हती. तिला धरायचं तर जाळं आणायला हवं, खाली उतरायला हवं. 'खाईल तो थोड्या वेळाने,' असं म्हणून तो पंगतीला गेला.

ऊन कलल्यावर तो परत आला. घूस अजून जिवंत होती. भिंत खरवडून तिची नखं रक्ताळली होती. वाट सापडेना, सापळ्यात अडकल्यापासून पोटात अन्न नाही. शेवटी तिने समोर होतं ते कुरतडलं होतं. धोंडूची पाठ दोन ठिकाणी हाडापर्यंत उघडी पडली होती.

शिदूने काठी उचलली. पण कोपऱ्यात थरथरणाऱ्या घुशीकडे पाहून त्याचा हात खाली आला. तिने तरी काय करायला हवं होतं?

वैद्यांनी हळद भरली, लेप लावले. धोंडू नऊ दिवस जगला. दहाव्या दिवशी सकाळी शिदू खाली उतरला, तेव्हा तो जागचा हललाच नाही.

शिदू आत्याच्या झोपडीत गेला आणि सगळं सांगितलं. आत्या एवढंच म्हणाली, "त्या दिवशी डोळे कसे होते रे त्याचे?"

"धुरकट."

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

"होतं, आत्या."

ती रागावली नाही. तिने तोंड भिंतीकडे केलं. शिदूला वाटलं, तिने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

राजाही रागावला नाही. "जनावरच होतं ते, दुसरं आणू," असं म्हणून त्याने रानातून नवा अजगर मागवला.

वर्षभराने दुसरे पाहुणे आले. त्यांनीही शिकार बघायचा हट्ट धरला. शिदूने हात जोडले आणि म्हणाला, "नाही, सरकार. इथे मारूनच घालतात."

पाहुण्यांनी खांदे उडवले आणि ते मोर बघायला निघून गेले. ना कुणी हसलं, ना कुणी रागावलं. शिदू खड्ड्याच्या काठावर मटकन बसला. एवढासा शब्द, आणि किती सहज तोंडातून निघाला होता!

तात्पर्य इतकंच: जो मुका जीव आपल्या भरवशावर आहे, त्याच्या जिवावर लोकांची वाहवा मिळवू नये. बघणारे घटकाभरात पांगतात. पस्तावा मात्र आपल्यापाशीच राहतो.