नॉकडर्राची चालती भिंत

भिंतीला टेकू नका, ती चालते आहे. हसा खुशाल, पण टेकू नका. दगडावर दगड रचलेली ही कंबरभर उंचीची भिंत माझ्या लहानपणी पार खाली, त्या काटेरी झुडपापाशी होती. तुमच्याकडे कुणा संतांनी भिंत चालवली म्हणे. आमच्याकडे संत नव्हते, एक उपाशी बाई होती.

असं सांगतात, की बटाट्यावर रोग पडला आणि साऱ्या आयर्लंडच्या चुली थंडावल्या, तेव्हा सरकारने या नॉकडर्राच्या टेकडीवर दुष्काळी काम काढलं. फुकट खाल्लं की माणूस आळशी होतो, हे भरल्या पोटाचं शहाणपण. म्हणून आधी दगड वाहायचे, मग वाटीभर सूप. सूप असं, की कांदा दिसला तर लोक शेजाऱ्याला बोलावून दाखवत. भिंत कशासाठी, ते कामावर नेमलेल्या साहेबालाही ठाऊक नव्हतं. त्याचा हुकूम एकच: भिंत रोज पुढे सरकली पाहिजे. ज्या दिवशी सरकणार नाही, त्या दिवसापासून सूप बंद.

आमच्या भागात दगड संपणं म्हणजे समुद्रातलं मीठ संपणं, पण संपले. नवं पीक यायला अजून बराच अवकाश होता. ग्रॉनिया नावाच्या विधवेला दिसत होतं, की सूप बंद झालं तर आपली लेकरं तोवर तगत नाहीत. ती गुपचूप भिंतीच्या शेपटाशी गेली, तिथला दगड उपसला आणि पुढे तोंडाशी नेऊन ठेवला. मग सगळं गाव तेच करू लागलं. भिंत सरकत राहिली, हंडा उकळत राहिला.

एकदा साहेब आपण स्वतः ठेवलेला पहिला दगड बघायला आला. तिथे नुसतं गवत आणि ते चरणारी एक मेंढी.

"भिंत कुठे गेली?"

"पुढे गेली, साहेब," ग्रॉनिया म्हणाली. "तुम्हीच सांगितलं होतं ना."

साहेब लालबुंद झाला. तेवढ्यात त्याची नजर सुपाच्या रांगेत वाट्या धरून उभ्या असलेल्या पोरांवर गेली. मग म्हणे त्याने कोट काढला, शेपटाचा एक दगड उचलून धापा टाकत तोंडाशी ठेवला आणि "काम चालू राहू द्या," म्हणून टेकडी उतरून गेला. ग्रॉनियाची लेकरं जगली. मी त्यांच्याच वंशातला.

आजही इथे येणारा प्रत्येक जण एक दगड पुढे नेतो. तो आपल्या वाटणीचा नसतो. तेव्हा ज्यांच्या अंगात दगड उचलायचंही बळ उरलं नव्हतं, आणि म्हणून ज्यांना सूप मिळालंच नाही, त्यांचा असतो. घ्या, उचला. जड वाटला तर वाटू द्या.