तीन पाट्या, एक येसाजी

एका राज्यात, राजाचं नाव घेऊन काय करायचंय, एकाच गल्लीत तीन रंगारी होते आणि तिघांच्या पाटीवर नाव एकच, येसाजी. पहिला म्हातारा, खराखुरा येसाजी. त्याचा रंग सात पावसाळे उतरत नसे. दुसरा त्याचा नातू. आज्याचं नाव नातवाला, ही त्या घरची रीत. तिसऱ्याची पाटी सगळ्यांत मोठी, 'असली येसाजी'. हा मुळात गोंदा, भागूबाईचा लेक. येसाजीशी नातं ना गोतं. चुकून गिऱ्हाईक आलं की म्हणायचा, या, मीच येसाजी. बारा वर्षं हेच म्हणून म्हणून स्वतःचं नाव विसरायला आला होता.

एके दिवशी डोंगरावरच्या कालकेतू मांत्रिकाचा चाकर येसाजीला शोधत गल्लीत शिरला. गोंदाने त्याला वाटेतच ओढला. मालकाचा अंगरखा काळा रंगवायचा होता. सावलीतच वाळवा, ऊन लागू देऊ नका, असं चाकराने तीनदा बजावलं. गोंदाने आळस केला, उन्हात टाकला. अंगरख्याची राख झाली. मांत्रिकाने डोंगरावरूनच शाप सोडला, येसाजी रंगारी दगड होवो.

शाप नाव हुंगत गल्लीत आला. सकाळी म्हातारा कमरेपर्यंत दगड, नातू गुडघ्यापर्यंत. गोंदाला ओरखडा नाही. गिऱ्हाईक फसलं, शाप फसला नाही. म्हातारी नवऱ्याच्या दगडी पायांवर कढत पाणी ओतत होती, दगड वर चढतच होता, आणि गोंदा दाराआडून बघत होता.

छपरावर टिटवी बसली आणि माणसासारखी बोलली. म्हणाली, दिवस मावळेतो दगड म्हाताऱ्याच्या गळ्याशी येईल, मग श्वास राहणार नाही. ज्याने केलं त्यानेच मांत्रिकाच्या गुहेत जावं. तीन दारं आहेत, दार विचारील त्याचं खरं उत्तर द्यावं.

गोंदा गेला. पहिल्या दाराने विचारलं, कोण? सवयीने तोंडातून निघालं, येसाजी. दार उघडलं आणि डाव्या हाताची बोटं दगड झाली. नाव अंगावर घेतलं, शापाने माणूस धरला. दुसऱ्या दाराशी त्याला सवयीने नाही, भयाने गाठलं. खरं नाव मांत्रिकाच्या कानी पडलं तर पुढचा शाप नेमका आपल्याला शोधणार. येसाजी रंगारी, म्हणाला. तेही दार उघडलं, दगड कोपरापर्यंत चढला. तिसऱ्या दाराआड कुणीतरी श्वास घेत होतं. बाहेर ऊन तांबडं झालं होतं.

"कोण?"

"गोंदा. भागूचा. अंगरखा मी जाळला. येसाजीनं तो पाहिलासुद्धा नाही."

दार उघडलं. कालकेतू समोर उभा. "मला खरं नाव देतोस? त्याचं मी काय करू शकतो, ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे, महाराज. म्हणून तर दुसऱ्या दाराशी खोटं बोललो."

"चुकीच्या घरी गेलेला शाप मला परत घ्यावाच लागतो," मांत्रिक म्हणाला. "हात मात्र तू स्वतः मागून घेतलास. तो तसाच राहील."

खाली गल्लीत आज्या-नातवाच्या अंगावरचा दगड खपलीसारखा गळून पडला. राजाने दवंडी पिटवली, ज्याची पाटी त्याचंच नाव. गोंदाने आपली पाटी एका हाताने उतरवली.

म्हातारा येसाजी काठी टेकत आला. त्याने तो दगडी हात बोटाने वाजवून पाहिला.

"गाढवा, एका हातानं कापड पिळणार कसा? उद्यापासून माझ्याकडे ये. तू बुडव, मी पिळतो."