बियाण्याची मडकी

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. पडद्यावर खेळायच्या एका खेळात एक राज्य होतं आणि त्या राज्यात एक गाव. बाहेरून पाहणाऱ्याला ते बोटभर दिसे. आत राहणाऱ्यांना मात्र पुरेसं मोठं होतं.

गावावरच्या डोंगरात एक राक्षस नदी अडवून बसला होता. शेतं कोरडी पडली होती. तरी गावाने आपली एक रीत सोडली नव्हती. आपलं बियाणं आपल्या घरी ठेवायचं नाही. भुकेच्या दिवसांत हात त्याच्याकडे जातो. सगळ्या गावाचं बियाणं एका विधवेच्या घरी असे. आधी तिचा नवरा ते सांभाळायचा. तो गेल्यावर ती सांभाळू लागली.

त्या दिवशी ती नेहमीसारखी मडक्यांच्या तोंडाला शेणमातीचा लेप देत होती. शेजारणीने येऊन बातमी सांगितली, की राक्षसाला मारायला निघालेला नायक वेशीत आलाय. बरं झालं म्हणत विधवेने पुढचं मडकं ओढलं.

नायक सरळ आत आला आणि त्याने तलवारीने पहिलं मडकं फोडलं.

"याला दार वाजवायला कोणी शिकवलं नाही वाटतं," शेजारीण म्हणाली.

तो दुष्ट नव्हता. आजवर वाटेतल्या मडक्यांत त्याला सोनं सापडत आलं होतं, आणि त्या सोन्यातूनच त्याने तलवार विकत घेतली होती.

"बाबा, त्यात बी आहे," विधवा म्हणाली. "माझं नाही, गावाचं आहे."

त्याने ऐकलं, पण तो थांबला नाही. सगळी मडकी फुटली. शेवटी पाण्याचा रांजणही फुटला. सोनं नाही असं पाहून तो डोंगराकडे निघून गेला.

दोघी बायका अंधार पडेपर्यंत दाणे गोळा करत होत्या. ज्वारी, नाचणी, तीळ, सगळं एकमेकांत मिसळून भिजलं होतं. वाळायला पसरलेलं ते थोड्या दिवसांत घरातल्या जमिनीवरच उगवलं आणि पिवळं पडून सुकलं.

मग एका सकाळी नदी खाली आली. राक्षस मेला होता. माणसं पाण्यात उभी राहून हसली, रडली. कुणीतरी म्हणालं, चला, आता बी आणा. विधवा दारातून बाजूला झाली. घरात डोकावून माणसं परत फिरली. तिला कोणी बोल लावला नाही.

ढोल वाजवत नायकाला चावडीवर आणलं. पाटलांनी हार घातला. विधवा पुढे झाली.

"पाणी आणलंस, तुझे उपकार आहेत," ती म्हणाली. "आता थोडा थांब. डोंगरापलीकडे बी मागायला जायचंय. वाटेत लांडगे आहेत. तू सोबत असलास तर पेरणीआधी परत येऊ."

नायक तलवार उंचावून उभा होता. त्याला लढता येई, कडे चढता येत. एकदा जाऊन आलेल्या घरी परत जायचं असतं, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. शिवाय खेळ जिंकून झाला होता. बाहेर बसून नायकाला खेळवणाऱ्याने पडदा बंद केला आणि तो जेवायला गेला. नायक तसाच उभा राहिला.

आत नदी वाहत होती.

मोठं काम करायला निघालेल्याने वाटेत कोणाचं काय मोडलं, ते परतताना तरी पाहावं.

त्या वर्षी गावात पेरणी झाली नाही.