आत्याबाईंचा हिरवा पाय

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की ती खरी का खोटी हे विचारायला आता कुणी उरलेलं नाही. तेव्हा मुकाट्यानं ऐका.

एका नगरात एक रंगारी राहत होता. लाल, पिवळा, केशरी, सगळे रंग त्याला येत. पण नाव होतं ते निळीचं. राजाच्या पागोट्यापासून गवळणीच्या लुगड्यापर्यंत निळं म्हणून जे काही दिसे, ते त्याच्या हातचं. भर बाजारात छातीवर हात मारून तो सांगे, "कापड फाटेल, नेसणारी म्हातारी होईल, पण माझी नीळ जायची नाही." आणि खरोखरच जात नसे. हे बोलणं तुम्ही ध्यानात ठेवा. तो विसरला.

रंगाऱ्याचं घर भाड्याचं होतं. मालकीण एक म्हातारी बाई, सगळी आळी त्यांना आत्याबाई म्हणे. त्या नगरात भाडेकरूची रीत अशी होती, की घरात शिरताना आपला जीव अडकलेली एक वस्तू मालकाकडे अनामत ठेवायची. घर सोडताना ते झाडून, सारवून, भिंती पांढऱ्या मातीनं पोतारून द्यायचं. मग मालकानं अनवाणी पायांनी घरभर फिरायचं. पायाला काही टोचलं नाही, पाय कुठं खचला नाही, तर अनामत परत. नाहीतर वस्तू मालकाची. डोळ्यांना फसवता येतं, तळपायाला नाही, असं तिथले जुने लोक म्हणत.

रंगाऱ्यानं ठेवला होता आईचा तांब्याचा हंडा. आईनं जाता जाता सांगितलं होतं, "माझ्या नातीचं लग्न होईल तेव्हा ह्याच हंड्यातलं पाणी वापर. मी आले असं समजेन." नात तेव्हा पाळण्यात होती.

किल्ली देताना आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "रंग कालवायचा तो अंगणात. घरात नाही हं बाबा."

"छे छे, आत्याबाई. घरात कुणी कालवतं का?" रंगारी म्हणाला.

तीन वर्षं त्यानं शब्द पाळला. चौथ्या वर्षी पाऊस थांबेचना, अंगणातली नीळ पातळ झाली, आणि त्यानं माजघरात कमरेएवढा खड्डा खणून त्यात नीळ कालवली. पावसापुरतीच, असं बायकोला सांगितलं. पावसापुरता खणलेला तो खड्डा बारा वर्षं टिकला. हसू नका. तुमच्या माळ्यावर दोन दिवसांसाठी म्हणून ठेवलेलं काय काय आहे, ते इथं कुणी विचारलेलं नाही.

पुढं रंगाऱ्यानं नदीकाठी स्वतःचं घर बांधलं. त्याच सुमाराला लेकीचं लग्न ठरलं. घर सोडायचं, हंडा सोडवायचा आणि पंधरा दिवसांत मांडव घालायचा.

बायको म्हणाली, "आधी तो खड्डा उपसा. मुरूम आणून भरा, चोपून घ्या. चार दिवसांचं काम आहे."

"चार दिवस कुठून आणू? आणि भरला तरी जमीन खचणार. म्हातारीचा पाय पडला की हंडा गेला."

"मग?"

"मग बघ तू."

त्यानं खड्ड्यावर बांबूची तट्टी टाकली. तळाशी राहिलेला निळीचा गाळ तसाच. तट्टीवर चार बोटं माती थापली, वरून शेणानं सारवलं, आणि कुणी पाय देऊ नये म्हणून नेमकी त्याच जागी हातभर रुंद रांगोळी काढली.

बायको बघत उभी होती. म्हणाली, "आपल्या लग्नात सुपारी फोडायला सांगितली होती, तर तुमचा हात दुखत होता. आज बरा चालतोय."

भिंतीवर एक पाल होती. त्या काळी पाली बोलत. ती म्हणाली, "चुक चुक. रंगारीबुवा, रांगोळी पुसली जाते हो."

"तू बारा वर्षांत दमडी भाडं दिलं नाहीस," रंगारी म्हणाला. "तू गप्प बस."

दुसऱ्या दिवशी आत्याबाई आल्या. काखेत फडक्यात गुंडाळलेला हंडा. रंगारी दारात उभा, कपाळावर घाम. आत्याबाईंनी उंबऱ्यावर वहाणा काढल्या, आत डोकावून रांगोळी पाहिली आणि पुन्हा वहाणा पायांत सरकवल्या.

"चला, झालं," त्या म्हणाल्या.

"आत्याबाई, फिरून नाही का पाहणार?"

"मी तापानं फणफणले तेव्हा तुझ्या बायकोनं आठ दिवस पेज पाजली. तुझं घर मी पायानं चाचपू? घे तुझा हंडा."

फडकं सुटलं. हंडा असा लखलखत होता, की जणू आजच घडवलाय. पंधरा वर्षांपूर्वी ठेवला होता तेव्हा तो चांगला काळवंडलेला होता.

"दर दसऱ्याला चिंचेनं घासत होते," आत्याबाई म्हणाल्या. "पाणी नाही भरलं हो कधी. दुसऱ्याची वस्तू. आपल्याकडं असताना काळी पडली, तर परत देताना तोंड कुठं लपवायचं?"

रंगाऱ्यानं खाली पाहिलं. खाली हंडाच होता आणि हंड्यात त्याचंच तोंड. त्याच्या घशाशी शब्द आले होते. पण हंडा हातात आला की घशातले शब्द गिळायला सोपे जातात. त्यानं गिळले.

आता त्या नगराची आणखी एक रीत ऐका. रिकामं घर संध्याकाळी अंधारात ठेवायचं नाही; नवा भाडेकरू येईपर्यंत मालकानं रोज तिथं दिवा लावायचा. आत्याबाई रोज तिन्हीसांजेला जात, झाडून काढत, दिवा लावत. तिसऱ्या दिवशी रांगोळी झाडली गेली. पाचव्या दिवशी दिवा हातात, पाय अनवाणी, आणि माजघरात मधोमध त्यांचा उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला. दिवा विझला; शेजाऱ्यांनी अंधारातच उचलून त्यांना घरी नेलं.

इकडं रंगारी लग्नाच्या अक्षता वाटत फिरत होता. आत्याबाईंच्या दारी पोचला तर त्या बाजेवर, पाय उशीवर, आणि पाय घोट्यापासून बोटांपर्यंत हिरवागार.

"वैद्यबुवांनी बघितलं," आत्याबाई म्हणाल्या. "पडल्यावर काळानिळा झाला होता. हळदीचा लेप दिला, तर बघ, हिरवा झाला. हिरवा झाला म्हणजे उतरतंय म्हणाले."

वैद्याला काय कळणार. निळ्यावर पिवळा चढला की हिरवा होतो, हे त्या नगरात एकट्या रंगाऱ्याला नीट ठाऊक होतं. त्याच्या हातातल्या अक्षता जमिनीवर सांडल्या.

"तू नको रे एवढं मनाला लावून घेऊस," आत्याबाई म्हणाल्या. "चूक माझीच. घर जुनं, जमीन आतून पोकळ झाली असेल, मी कधी बघितलंच नाही. परवापासून झोप नाही मला. तुझी पोर त्याच जागी पंधरा वर्षं खेळली. तेव्हा खचली असती तर? असलं घर मी तुला भाड्यानं दिलं. तुला कळलं असतं तर तू सांगितलंच असतंस."

रंगारी "येतो" म्हणाला आणि निघाला. घरी येऊन त्यानं भाकरी मोडली आणि तशीच ठेवून दिली.

लग्नाचा दिवस उजाडला. आत्याबाईंना डोलीतून आणलं. लेकीनं हट्ट धरला, "ज्यांच्या अंगणात मी वाढले, त्यांचे पाय आजीच्या हंड्यातल्या पाण्यानं मी धुणार." परात आली. मांडव भरला होता. लेकीनं पाणी घातलं, हळद सुटून परातीत गेली, आणि पाय दिसला. स्वच्छ, एकसारखा, मोराच्या मानेसारखा निळा.

पुढच्याच रांगेत कापडाचा एक व्यापारी होता. तो कौतुकानं म्हणाला, "अहो रंगारी, ही तर तुमची नीळ. चाळीस वर्षं कापड विकतोय, हा रंग मी झोपेत ओळखेन."

आत्याबाईंनी पायाकडं पाहिलं, मग रंगाऱ्याकडं. त्या हळूहळू काय ते समजल्या, हे त्यानं समोर उभं राहून पाहिलं. मग त्या व्यापाऱ्याकडं वळून हसल्या.

"त्याचं एक जुनं मडकं अंगणात राहिलं होतं," त्या म्हणाल्या. "मीच वेंधळी, त्यात पाय घातला."

साठ वर्षांत त्या बाईच्या तोंडून खोटं आलं नव्हतं. आलं ते ह्याची अब्रू राखायला. समोर व्याही उभे, शेजारी जावई, आणि रंगाऱ्याला वाटलं, तो निळीचा खड्डा इथं असता तर आपण डोक्यासकट आत गेलो असतो.

"आत्याबाई, खोटं नका बोलू," तो म्हणाला. "ते काम माझं आहे."

आणि त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं. खड्डा, तट्टी, रांगोळी, सगळं. हंडा उचलून त्यांच्या पायाशी ठेवला. "हा तुमचा झाला. रीतच आहे."

"हंडा घेऊन काय करू? तो तुझ्या आईचा आहे," आत्याबाई म्हणाल्या. "पोरीची पाठवणी कर. मग उद्या ये आणि खड्डा भर."

तो गेला. गाळ उपसला, मुरूम भरला, पाणी शिंपडून चार दिवस चोपला. पाल वर होती, तिनं एवढंच विचारलं, "आजही तट्टी आणलीयत का?" त्यानं मुरमाची आणखी एक पाटी ओतली.

पाचव्या दिवशी आत्याबाई काठी टेकत आल्या. उंबऱ्याशी वहाणा काढल्या आणि आत गेल्या. कोपरान् कोपरा फिरल्या. माजघरात त्या जागेवर थांबल्या, काठी आपटून पाहिली, मग पाय आपटून पाहिला. एकदा, दोनदा, तीनदा. "ठीक आहे," म्हणाल्या आणि घरी गेल्या. रंगारी बाहेर मान खाली घालून उभा होता. हंडा घरी सुखरूप होता, जमीन दगडासारखी झाली होती; पण तपासून न बघणारी आत्याबाई त्याला पुन्हा भेटली नाही.

पायाची नीळ उतरली. अंगठ्याच्या नखात मात्र राहिली, ती नख वाढून कापलं जाईपर्यंत. तोवर प्रत्येक सणाला रंगारी पाया पडायला वाके, आणि ते नख त्याच्या डोळ्यांसमोर येई. बाजारात आपल्या रंगाची बढाई मारताना मग त्याला कुणी ऐकलं नाही.

तात्पर्य: दुसऱ्याचं घर सोडताना खड्डा भरून जावं, सारवून झाकलेला खड्डा नेमका आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्याच्याच पायाखाली येतो.